घोलवडचा मेन स्विच आणि फुगलेला लॉग

"काका, गाडी भरून उभी आहे आणि कॉम्प्युटर चलन काढत नाही! त्या हेमलताने फोटो टाकून टाकून डिस्क भरली. घरी पाठवली तिला."

फोनवर भावेशभाई होते, घोलवडच्या एका चिकू पॅकिंग हाउसचे मॅनेजर. हेमलता झरीहून येणारी त्यांची ऑपरेटर. साल २०१५. तिथला डेटाबेस मी बसवला होता. डहाणूहून लगेच निघालो.

डिस्क खरंच भरली होती. पण फोटो मूठभर. जागा खाल्ली होती लॉगने. डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी लॉग नावाच्या फाइलीत उतरतो. ती फाइल डेटापेक्षाही मोठी झाली होती. रिकव्हरी मोड होता फुल. त्यात लॉगचा बॅकअप घेतला की आतली जागा मोकळी होते, नाहीतर फाइल वाढतच जाते. रोज रात्रीचा बॅकअप तर मीच लावून दिला होता. मग तो होत का नव्हता?

बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला, फाइल लहान केली. चलन निघालं, गाडी गेली.

"परत असं नको," भावेशभाई म्हणाले.

"मोड सिम्पल केला तर लॉग असा वाढणार नाही. पण दुपारी डेटाची फाइल बिघडली तर आदल्या बॅकअपपर्यंतचंच मिळेल. सकाळची आवक चिठ्ठ्या बघून पुन्हा टाकाल ना?"

"चिठ्ठ्या कुठल्या? वाडीवाल्याची चिठ्ठी त्याच्या खोक्यात, खोकं दिल्लीला."

"इथे काहीच राहत नाही?"

"पेंढा राहतो. देऊ?"

म्हणजे सिम्पल बाद. लॉगवरून सकाळचंही परत आणता येतं, म्हणून फुलच ठेवला.

कोडं संध्याकाळी सुटलं. भावेशभाईंनी अगरबत्ती ओवाळली, मशीन बंद केलं आणि मेन स्विच खाली ओढला.

"रोज ओढता?"

"मग? सगळा पेंढा. ठिणगी पडली तर?"

रात्री वीजच नसायची. माझा एकही बॅकअप चालला नव्हता. वेळ ठरवताना मी कुणाला विचारलंच नव्हतं. बॅकअप दिवसा, कामाच्या वेळेत लावला.

त्यांना मात्र एवढंच म्हणालो, "डिस्क भरली होती." कशाने, ते सांगितलं नाही. चूक माझी होती आणि पुढचं कामही त्यांच्याकडूनच मिळायचं होतं. हेमलताला त्यांनी परत घेतलं, पण चिकू निवडायच्या टेबलावर. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

२०१९मध्ये ती चारोटीला भेटली. झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. मी सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं, काका. बहिणीच्या हळदीचे चार फोटो ते. त्याने काय डिस्क भरते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बघितलं होतं ना. वाटलं, तुम्ही बोलाल."

तिच्यासमोरच भावेशभाईंना फोन लावला. त्यांनाही सगळं सांगितलं.

"चार वर्षं, काका?" मग म्हणाले, "तिला द्या फोन."

हे काम नव्याने करणाऱ्यांना एवढंच सांगतो. बॅकअपची वेळ ठरवण्याआधी मेन स्विच कोण, कधी ओढतं ते विचारा. आणि बॅकअप झाला का, ते दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघा.