दसऱ्याला आमचा ट्रॅक्टर निघाला

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने ट्रॅक्टर बाळगू नये, असा कुठेही कायदा नाही. पनवेलच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे ठणकावून सांगितलं, तेव्हा सगळे माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघायला लागले.

मला बागकामाचे जुने, छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा छंद आहे. आधी दोन करून झाले होते. पहिला कामोठ्याच्या एका नर्सरीत आहे. (त्याच्यावर मोगऱ्याच्या कुंड्या ठेवतात.) दुसरा चालू व्हायचा, पण मग काही केल्या बंद व्हायचा नाही, म्हणून देऊन टाकला. तिसरा मात्र घरचा होता. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा. चिरनेरच्या वाडीत आबा आयुष्यभर त्याच्यावर राबले. सासूबाई गेल्या आणि तो आंब्याखाली जो उभा राहिला तो राहिलाच.

आबांची तब्येत एकटं राहण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांना आम्ही पनवेलला आणलं. ते गॅलरीत गप्प बसायचे आणि दोन दिवसांआड माझ्या बायकोला, सुनीताला म्हणायचे, "बाय, मला चिरनेरला सोड. इथं माजं काय काम हाय?" सुनीता स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मला ते बघवेना. शेवटी मी टेम्पो करून तो ट्रॅक्टरच आणला आणि आमच्या पार्किंगमध्ये उतरवला. त्या दिवशी आबा पहिल्यांदा आपणहून खाली आले.

त्यांच्या पाठोपाठ सेक्रेटरी पाटणकरही आले.

"म्हात्रे, हे पार्किंग आहे, संग्रहालय नाही. दसऱ्यापर्यंत हे धूड स्वतःच्या चाकांवर हललं नाही, तर मी भंगारवाल्याला फोन करणार."

"हलणार," मी म्हणालो. (आधीच्या दोन्ही ट्रॅक्टरांच्या वेळेलाही मी हेच म्हणालो होतो.)

मग दर रविवारी आबा आणि मी खाली. ट्रॅक्टर विटांच्या थप्प्यांवर चढवला, मागची चाकं अधांतरी. मागचा गिअरबॉक्स मी एकट्याने उघडला, सगळी दातेरी चाकं रॉकेलने धुतली आणि सुनीताच्या पापडांच्या प्लास्टिकवर वाळत घातली. त्या वर्षीच्या पापडांबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी इंजिन एकदाचं धडधडलं आणि मागची चाकं हवेत गरगर फिरायला लागली. आबांनी चष्मा काढून पुसला. मी तर पाटणकरांना पेढा देऊन आलो.

दसऱ्याला खाली सगळ्यांच्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या. विटा काढून आमचा ट्रॅक्टर जमिनीवर उतरवला होता. आबांनी स्वतः त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि पुढच्या दोन्ही चाकांसमोर एकेक लिंबू ठेवलं. आमच्या मागे पाटणकरांची नवी कोरी गाडी पूजेची वाट बघत होती.

"जावय, बेतानं," आबा म्हणाले. "पैला गिअर टाका, लिंबू फुटू द्या."

मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. सगळ्यांचे डोळे लिंबांवर. लिंबं होती तिथेच राहिली. आम्ही निघालो. मागे.

"रिव्हर्स पडला वाटतं," मी जाणकारासारखा म्हणालो आणि दुसरा टाकला. आता आम्ही जरा जोरात मागे निघालो.

"अहो, पुढे!" सुनीता ओरडली.

"पुढचाच टाकलाय!" म्हणून मी तिसरा टाकला.

आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायका दोन्ही बाजूंना पांगल्या. "म्हात्रे, माझी गाडी!" हा पाटणकरांचा आवाज आधी मागून आला, मग शेजारून आणि मग पुढून. मी स्टिअरिंग जमेल तसं फिरवलं. गाडीला ओरखडाही आला नाही, पण तिचा हार ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात अडकून बरोबर आला. शेवटी आम्ही ओल्या कचऱ्याच्या डब्यात पाठ घातली आणि इंजिन बंद पडलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांकडे बघायचं धाडस होईना. बघितलं, तर ते मान खाली घालून खांबाला टेकलेले आणि खांदे हलतायत.

"आबा, रडू नका हो," म्हणत सुनीता धावली.

आबा हसत होते. इतके की त्यांना खालीच बसावं लागलं. सासूबाई गेल्यापासून ते हसणं आम्ही ऐकलंच नव्हतं. "तुजी आई आज पायजे होती," ते सुनीताला म्हणाले, आणि मग मात्र त्यांनी डोळे पुसले.

झालं होतं असं, की मागच्या दोन चाकांच्या मधलं मोठं दातेरी चाक मी उलट्या बाजूला बसवलं होतं. त्यामुळे आमच्या ट्रॅक्टरला आता मागे जायचे तीन गिअर आहेत आणि पुढे जायचा एक. चाकं हवेत फिरताहेत याचाच आनंद इतका झाला होता, की ती कुठल्या दिशेने फिरताहेत हे बघायचं राहिलं.

पाटणकर हार सोडवत म्हणाले, "हे भंगारातच जायला हवं."

आबा उठले. "तुमी बोल्लात, आपल्या चाकांवर हललं पायजे. हललं ना?"

"अहो, पण मागे!"

"कुनीकडं, ते तुमी बोल्ला नवता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावय, आता हे सरळ करा. ते झाल्याबिगर मी चिरनेरला जात नाय."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. आबा रोज सकाळी रिव्हर्स गिअर टाकून ट्रॅक्टर पुढे नेतात, सोसायटीला एक फेरी मारतात आणि वर येऊन मला विचारतात, "झालं का सरळ?" मी म्हणतो, "पुढच्या रविवारी बघू." मी मुद्दामच उशीर करतोय हे सुनीताला कळलंय, आणि हल्ली ती माझ्या चहात न सांगता आलं घालते. सगळ्यांना वाटतं, सासऱ्यांसाठी जावई किती करतो. तो गिअरबॉक्स पुन्हा उघडला तर मला बसवता येईल का, हे कोणी विचारत नाही. मीही विषय काढत नाही.