नळीतलं पाणी थांबेपर्यंत

हैदराबादेतल्या माझ्या मराठी भावंडांनो, आपण कुठेही भेटलो, विहारात, लग्नात, बेगम बाजारात वर्षाची डाळ भरताना... एक तक्रार हमखास निघते. घरात मराठी पुस्तकं आहेत, पण ती वाचणारं कुणी उरलेलं नाही. यावर मी कितीतरी सभांमधून गरजलो आहे. गेल्या रविवारी मात्र तारनाक्याच्या आमच्या घरामागे मला तोंड मिटून उभं राहावं लागलं.

बाबा नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. पगार झाला की घरी पुस्तक यायचं. ती सगळी पुस्तकं मागच्या पडवीत ट्रंकांमध्ये आहेत. या उन्हाळ्यात सगळ्यात खालची ट्रंक उघडली, तर बूड गंजून गेलेलं आणि आत वाळवी...

वरच्या मजल्यावर थोरला भाऊ राहतो. तो म्हणाला, "अफझलगंजच्या लायब्ररीला देऊन टाक, नाही घेतली तर रद्दीला. मागं माझी गाडी तरी लागंल." मी भडकलो. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं.

मी हट्टाने मागच्या बागेत पुस्तकांसाठी पत्र्याची शेड घ्यायचं ठरवलं. अशा तयार शेडचं एक असतं. खालचा काँक्रीटचा ओटा जरा तिरका झाला की सांगाडा पिळतो, दार बसत नाही, फटीतून पाणी आत येतं. म्हणजे पुस्तकं गेलीच समजा.

माती खणून, मुरूम ठोकून झाला होता. रविवारी मेस्त्री यादगिरी लेव्हलची नळी घेऊन आला. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. दोन टोकं कोपऱ्यांतल्या दोन खुंट्यांना धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, तिथे खूण करायची. त्याचा जोडीदार आला नव्हता, म्हणून एक टोक मी धरलं.

आणि बोलायला लागलो. शेड कशाला, बाबा कोण होते, पुस्तकाने माणूस कसा उभा राहतो... माझं बोलणं हातांशिवाय होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चारही खुंट्या झाल्यावर मेस्त्रीने दोरी ताणली, तर ती घसरगुंडीसारखी तिरकी निघाली.

"साब, बातां नक्को करो. पानी हिल रा."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला, "अरे ए वक्त्या, ती नळी आहे, माईक नाही." दादा लुंगीवरच खाली आला आणि मेस्त्रीच्या हातातलं टोक त्याने घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी थांबू दे."

मी हात खाली घेतला आणि टोक खुंटीला टेकवलं. हे बाबांचं वाक्य. हेच घर बाबांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून बांधलं, तेव्हा नळीच्या एका टोकाला दादा असायचा, एका टोकाला मी. पाणी वरखाली डुलायचं, आणि ते थांबेपर्यंत आम्ही श्वाससुद्धा जपून घ्यायचो. बाबा मध्ये उभे, तोंडात पेन्सिल.

तसेच उभे राहिलो. पाणी हळूहळू थांबलं. मेस्त्रीने खुणा केल्या, दोरी ताणली. सरळ.

दुपारपर्यंत काँक्रीट पडलं, वरून सपाट करायची पट्टी फिरली. मेस्त्री गेल्यावर दादा पडवीत ट्रंकेपाशी बसला. एक पुस्तक उघडलं, बोट ठेवून एक ओळ कशीबशी लावली आणि मिटलं. दादा तेलुगू शाळेत शिकला, तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरजवळ तेवढीच शाळा होती. माझ्या वेळेपर्यंत बाबांनी लांबची मराठी शाळा शोधली होती. हे मला ठाऊक होतं... पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

"जेवण झालं की बाबा वाचून दाखवायचे," तो म्हणाला. "ते गेले आणि माझ्यासाठी ही पुस्तकं बंदच झाली. तू तर दुनियेला भाषणं देतो. मला कधी एक पान वाचून दाखवलंस?"

मी त्याच्या हातून पुस्तक घेतलं.

ओल्या ओट्याशेजारी खुर्च्या टाकून अंधार पडेपर्यंत वाचलं. बाबा जिथे थांबून हसायचे, तिथे दादा माझ्याआधीच हसला. त्याला ते पाठ होतं.

म्हणून आज भाषण नाही, एकच मागणं. न वाचणाऱ्यांना नावं ठेवणं आपण पुरे करू. आज रात्री जेवण झालं की घरातलं एक मराठी पुस्तक काढा, आणि ज्याला ते वाचता येत नाही त्याला शेजारी बसवून एक पान मोठ्याने वाचून दाखवा.