हेडफोनमधल्या बाईला दिलेला हुंकार

नव्या हेडफोनच्या स्पंजाचा वास आला की मी अजून औरंगपुऱ्यातल्या त्या क्लासच्या खोलीत जाऊन बसते. बाहेर रणरणतं ऊन, आत कूलरचा गारवा, ओल्या वाळ्याचा वास. इंग्रजीत मी कितव्या पायरीवर आहे, ते ठरवणारी परीक्षा होती आणि मी गंगापूरहून पहिल्या एसटीनं आले होते. कानात एक बाई सावकाश बोलू लागली, बहुतेक तिच्या घरामागच्या तळ्याबद्दल. शब्द थोडेच कळत होते, पण आवाज लोकरीसारखा मऊ होता आणि ती प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायची. माझे डोळे मिटले. मेंढरं बसली की वडील गोष्ट सांगायचे, तेव्हा ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं असायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. खांद्यावर हात पडला तेव्हा सगळी खोली माझ्याकडं बघत होती. मी मोठ्यानं हुंकार देत होते. "अगं, ते रेकॉर्डिंग आहे," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. मला सगळ्यात खालची पायरी मिळाली. घरी वडलांना सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकून 'हूं, हूं' करत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिनं गोष्ट पुरी सांगितली का?" "व्हय." "मंग लई झालं." आता वडील नाहीत. मी फर्दापूरला परदेशी पाहुण्यांना लेण्यांच्या गोष्टी इंग्रजीत सांगते. सांगता सांगता कधी वाक्यानंतर थांबून राहते. पाहुण्यांना वाटतं, मला शब्द आठवत नाही.