जादा पैशांची खुर्ची

"ए, ऊठ. ती खुर्ची प्रीमियमवाल्यांची आहे."

असं म्हणून लॅबच्या मॅनेजरनं माझा दंड धरला. पन्नास माणसांसमोर.

थांबा, नीट सांगते. चाकणच्या एका कंपनीत लाइनवर काम लागलं होतं मला. पहिलीच नोकरी. अकराच्या आत मेडिकलचा फिटनेस कागद गेटवर द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि काम लावणाऱ्या ठेकेदाराला ह्याच लॅबचा कागद चालतो. म्हणून सकाळी सहाला उपाशीपोटी येऊन बसले. रांगेत सगळे असलेच, नवीन लागलेली पोरं-पोरी.

रक्त घ्यायच्या खुर्च्या दोन. एकीवर आमची रांग. दुसरी रिकामी. तिथली रक्त घेणारी ताई मोबाइल बघत बसलेली. दोन तासांत तिथं तीन माणसं आली फक्त. जादा पैसे भरलेली. आली, गेली.

आठ वाजून गेले. माझ्यापुढं अजून वीस जण. मी जाऊन तिला म्हटलं, "ताई, तुम्ही रिकाम्याच आहात की. माझं घ्या ना."

ती वाईट नव्हती. हळूच म्हणाली, "अगं, मला रिकामं बसायचाच पगार आहे. तुमची रांग पळाली तर जादा पैसे कोण भरेल?"

मला वाटायचं, जादा पैसे म्हणजे त्यांना लवकर. नाही. जादा पैसे म्हणजे आम्हाला उशीर. मुद्दाम केलेला.

राग पण नाही आला. नुसतं सुन्न. मी त्या खुर्चीत बसले, बाही वर केली. तेव्हा तो मॅनेजर आला.

मी दंड सोडवला. "नाही उठत."

रांगेतून एकजण माझ्यावर ओरडला, "अगं ए, लफडं नको, आमची पण जागा जाईल!"

दुसरा म्हणाला, "बसू द्या की राव, खुर्ची काय झिजते का!"

ताईनं कुणाकडंच बघितलं नाही. सुई घेतली. रक्त घेतलं.

साडेदहाला रिपोर्ट तयार. मॅनेजरनं कोरा कागद पुढं सरकवला. "गैरवर्तन केलं, माफी मागते, असं लिही. मग रिपोर्ट."

ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "लिहून टाक ना, दोनच ओळी आहेत."

पेन हातात घेतलं. पेन खाली ठेवलं.

अकरा वाजले. जागा गेली. आई दोन दिवस बोलली नाही.

कालच ठेकेदाराचा फोन आला, आता लिहून दे, पुढच्या बॅचला घेतो. नाही लिहिणार. ह्या बॅचला नाही, कुठल्याच नाही. आणि तुमच्यातलं कुणी उद्या त्या लॅबमध्ये जाणार असेल तर सांगा. मी बरोबर येते.