दुभाषी चूक दुरुस्त करते

पोपटबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्नानंतर नवऱ्यानं गमतीनं ठेवलं आणि घरीदारी तेच चिकटलं. धंदाच तसा होता हो! मोठ्या सभागृहांत मागच्या भिंतीला लागून कपाटाएवढी काचेची खोली असते ना, तिच्यात बसून ही बाई एकाचं बोलणं दुसऱ्या भाषेत बोलायची. नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. एकदा एका जाहीर समारंभात मिशाळ मंत्र्याच्या वतीनं तिनं माईकवर ठासून सांगितलं होतं, "मी बायकोला घाबरतो!" नवरा अजून पाहुण्यांना ते रंगवून सांगतो. स्वतःला काही म्हणायचं असेल तर मात्र 'दुभाषी विनंती करते' असं परक्यासारखं म्हणायचं. चुकलं, तर 'दुभाषी चूक दुरुस्त करते' म्हणायचं आणि पुढे निघायचं. आणि सभा बंद दाराआडची असेल, तर कुठे जातोय, तिथे काय ऐकलं, याचा घरी चकार शब्द काढायचा नाही.

त्या दिवशी बऱ्याच देशांची माणसं जमली होती. कामाच्या जागी बायकांना होणारा त्रास थांबवायला माल बनवणाऱ्या आणि माल विकणाऱ्या देशांनी मिळून करार करायचा, असं चाललं होतं. कारखानदारांचे वकील मात्र अडून बसलेले. म्हणे, आमच्याकडे असलं काही घडतच नाही, तक्रारी नुसत्या ऐकीव! म्हणून एक साक्ष ठेवली होती. खेळण्यांच्या कारखान्यातली एक कामगार पडद्याआड बसून बोलणार, आणि आवाज यंत्रातून बदलून ऐकवणार. ती कोण हे कळलं असतं तर तिची नोकरी गेली असतीच, वर त्रास देणाऱ्या साहेबानं तिला सुखानं जगू दिलं नसतं.

काचेच्या खोलीत पोपटबाईच्या शेजारी खोकलेकाका बसले होते, तिचे जुने जोडीदार. अध्यक्षबाई परदेशी. त्यांचे प्रश्न काका आपल्या भाषेत साक्षीदाराच्या कानात घालणार, आणि तिची उत्तरं पोपटबाई परदेशी भाषेत सभेला सांगणार, अशी वाटणी होती. काकांनी गोळी चघळत बोट वर केलं. चला, सुरू.

पडद्याआडून आवाज आला, घागरीत तोंड घालून बोलावं तसा घोगरा. "पाळी सुटली की साहेब मोजणीच्या निमित्तानं मला गोदामात थांबवायचे. एकटीलाच."

पोपटबाई सांगत गेली. तोंड चालू, मन बाजूला. या कामात तसंच करावं लागतं, नाहीतर वेड लागेल.

"ते आतून कडी लावायचे. कडीचा आवाज आला की मला गुबडूक व्हायचं."

गुबडूक!

हा शब्द कुठल्या शब्दकोशात नाही. लहानपणी दिवे गेले की धाकटी बहीण पांघरुणात शिरायची आणि म्हणायची, "ताई, मला गुबडूक झालं." साऱ्या जगात तो शब्द दोघींनाच ठाऊक.

पोपटबाईनं पडद्याकडे बघितलं. धाकटी तिच्याच घरी राहत होती, खेळण्यांच्याच कारखान्यात जात होती. आज सकाळी डबा भरताना म्हणाली होती, "जादा पाळी आहे गं, जेवायला थांबू नकोस." कारखाना कसला ते कळल्यावर तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडायला नको? पण छे! असलं काही आपल्या घरात घडेल हे कुणाच्या मनात येतं का!

किंचाळावंसं वाटलं तिला. पण पहिल्या रांगेत कारखानदारांचा वकील बसला होता. त्याला दोन्ही भाषा येत होत्या, आणि तो काचेकडेच बघत होता. हिचा आवाज फुटला तर त्याला कारण कळणार, आणि दुभाषी कोण, तिची बहीण कोण, हे शोधायला कितीसा वेळ लागतो? तिनं बटण दाबून माईक क्षणभर बंद केला आणि पुन्हा सुरू केला.

"मला भीती वाटायची," ती परदेशी भाषेत म्हणाली. मग पुढचंही बोलली. गोदामात काय झालं ते सगळं, 'मी, मला, माझा हात' करत, स्वतःच्या तोंडानं. अरे देवा, कसं बोलली असेल!

अध्यक्षबाईंनी विचारलं, "घरी कुणाला सांगितलंत?" काकांनी तो प्रश्न पडद्याआड पोचवला.

"मोठ्या बहिणीला सांगायला गेले होते. ती नुकतीच कामावरून आली होती. मी तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. म्हणाली, आज नको गं, दिवसभर दुसऱ्यांची रडगाणी ऐकून कान किटलेत माझे. मग मी पुन्हा तो विषय काढलाच नाही."

त्या संध्याकाळी वर केलेला हात आता माईकच्या बटणावर होता. तरी पोपटबाईनं शब्द गाळला नाही. कान किटल्याचंही सांगितलं. आणि संपल्यावर काकांची बाही ओढली, खुणेनं विनवलं, बाजू बदला. काकांनी तिचा चेहरा बघितला आणि निमूटपणे बदलली.

आता अध्यक्षबाईंचं बोलणं पडद्याआड पोचवायचं काम तिच्याकडे आलं. तिच्या आवाजाला तर काही यंत्र लावलेलं नव्हतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलेलं आम्ही ऐकलं, आमचा तुमच्यावर विश्वास आहे.

पोपटबाईनं माईक जवळ ओढला. "तू सांगितलंस ते मी ऐकलं. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

दोन्ही भाषा कानाला लावून बसलेल्या वकिलानं मान वर केली. तू? मी? काकांनी टेबलाखाली तिचा पाय दाबला. पडद्याआड खुर्ची करकरली. धाकटीनं आता 'ताई' म्हटलं तर सगळंच संपलं!

"दुभाषी चूक दुरुस्त करते," ती घाईनं म्हणाली. "तुम्ही सांगितलंत ते आम्ही ऐकलं. आमचा तुमच्यावर विश्वास आहे. चूक दुभाषीची होती. फार मोठी होती. दुभाषी माफी मागते."

एवढी माफी मागायची पद्धत नव्हती. वकिलानं कंटाळून पुन्हा कागदात डोकं घातलं. त्याच्या लेखी बाई थकली होती, बस.

पडद्याआड खुर्ची पुन्हा करकरली. मग तो घोगरा आवाज आला.

"ऐकलं मी."

काकांनी ते परदेशी भाषेत सांगितलं आणि अध्यक्षबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.