पायऱ्यांची विहीर

“पायऱ्या बुजवाच्या असन तं पहिले मले बुजवा,” म्हणून यमुनाबाई विहिरीच्या पायरीवर बसल्या. काठावर गवंडी थापी घेऊन उभे, सिमेंटच्या गोण्या उन्हात, आणि मी, पाणीपुरवठा खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर, हातात ड्रॉइंग धरून.

नागपूर जिल्ह्यातलं, खाप्याजवळचं गाव. सत्तरच्या दशकात तिथे नारू होता. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा लांब जंत. रोगी पाण्यात पाय बुडवतो, जंत तिथे पिल्लं सोडतो, गाव तेच पाणी पितं. औषध नाही. उपाय एकच, पाण्यात कोणी उतरायचं नाही. म्हणून पायऱ्या बंद, वर कठडा, त्यावर रहाट. गावाने श्रमदान कबूल केलं होतं.

“काहून नाही म्हणता, बाई?” मी विचारलं.

“सूनबाईची सव्वा महिन्याची पूजा हाय. बाळंतीण पायऱ्या उतरून विहीर पुजते. माह्या सासूनं पुजली, म्या पुजली. हिनं का रहाटाले हळद लावाची?”

मी नागपूरला, सीताबर्डीच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, “पोलीस घेऊन जा.”

“सर, पोलीस एक दिवस थांबतील. पाणी बायका रोज भरतात. कठडा फोडतील.”

“मग तुम्हीच बघा. पण ड्रॉइंग बदलायचं नाही.”

परत गेलो. यमुनाबाईंच्या अंगणात बायका जमल्या. मी जंताची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पान लावलं, बस्स. मी उठणार, तेवढ्यात दारातून सून बोलली. शांता तिचं नाव. मांडीवर लेकरू, घोट्याला नारूवर बांधलेली चिंधी.

“आत्याबाई, मी पायऱ्या उतरू कशी? पाय टेकत नाही माहा. अन् टेकला, तं हे पोरगं कोनतं पाणी पिईन?”

यमुनाबाई चिंधीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. “साहेब, वरच्या दोन पायऱ्या ठेवता येते का? पाण्यापासून दूर?”

आल्या. कठडा जरा आत घेतला की वरच्या पायऱ्या बाहेर राहत होत्या. दुसऱ्या दिवशी दगड वाहायला बायकाच पुढे होत्या. यमुनाबाई गवंड्यांवर मुकादमासारख्या ओरडत होत्या.

इन्स्पेक्शनला साहेबांनी विचारलं, “हे काय? ड्रॉइंगमध्ये नाही.”

“प्लॅटफॉर्मला चढायच्या पायऱ्या आहेत, सर.”

साहेबांनी पायऱ्यांवरच्या हळदीकुंकवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

अंगातला नारू बाहेर यायला वर्ष लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षी जुने रोगी निघालेच. मी गावाला तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून शिव्या बसल्या नाहीत. त्यापुढच्या उन्हाळ्यात आरोग्य सेवक रोगी शोधत घरोघर फिरला आणि नुसता चहा पिऊन परतला.

पुढे नोकरीत पुष्कळ विहिरी बांधल्या. मोजायची टेप काढण्याआधी गावातल्या बायकांना विचारायचो, पाणी भरण्याशिवाय इथे आणखी काय काय होतं? फार सिमेंट वाचलं.