अक्काची बारी

"शपथ कशाला घेता, अण्णा? व्हय तर व्हय म्हणा, न्हाई तर न्हाई. त्याच्या पुढचं सगळं उगीच."

असं म्हणून अक्का आपल्याच मांडीवर तळवा आपटायची. विषय संपला.

मी म्हणजे शब्दाशब्दाला शपथ घेणारा माणूस. बैलाला पाणी दाखवलं का, एवढं बायकोनं विचारलं तरी उळवीच्या देवाला मध्ये ओढायचो. अक्काला त्या देवाची कीव यायची. "त्याला दुसरं काम न्हाई काय? तुमच्या बैलाचं पाणी बघत बसंल तो?"

रामनगरात आमच्या दाराला तिचं दार. मूळची ती पालमूरकडची, तेलुगू मुलखातली. सुप्याच्या धरणाला तिकडची माणसं टोळ्यांनी आली, त्यात ही नवी नवरी, डोक्यावर सिमेंटची बुट्टी घेऊन. धरण झालं, टोळ्या गेल्या, ही नवरा-बायको इथंच राहिली. आमचं जुनं सुपा त्याच धरणात गेलं आणि सरकारनं आम्हाला रामनगरात आणून बसवलं. म्हणजे बघा, भिंत बांधणारी आणि बुडालेला, दोघं शेजारी.

भांडायला काही नसलं की मी तेच काढायचो. "अक्का, तुझ्या बुट्टीतल्या सिमेंटानं माझं घर बुडालं."

"व्हय," ती शांतपणे म्हणायची. "पण ते आधीपासनं गळत हुतं म्हणून वैनी सांगत्यात."

वैनी म्हणजे माझी बायको. ती आतून हसायची. दोघींचं असं होतं. मी मध्ये नुसता खांब.

मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला अण्णा. दोघंही एकमेकाला थोरलं म्हणणार. खरं थोरलं कोण, ते शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण जन्म कधीचा हे दोघांच्याही आईबापांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

धर्मानं ती ख्रिस्ती, पण इथल्या चर्चवाल्यांतली नव्हे. मेनोनाइट. हा शब्द माझ्या तोंडात बसायला फार दिवस गेले. बायको शेवटपर्यंत "त्या मेणबत्तीवाल्या" म्हणायची. आणि गंमत अशी की अक्काच्या घरात मेणबत्ती नव्हती, मूर्ती नव्हती, भिंतीवर चित्रसुद्धा नव्हतं. एक जाड पुस्तक, एक खाट आणि गाणी. गाणी भरपूर. फॉरेस्टच्या नर्सरीत आम्ही सागाच्या रोपांच्या पिशव्यांत माती भरायचो तेव्हा ती तेलुगूत गात असायची. शब्द कळायचे नाहीत, हात मात्र भराभर चालायचे.

त्यांच्यात लहान पोराला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठं व्हायला लागतं, आपल्या तोंडानं व्हय म्हणायला लागतं, मग नदीत बुडवून काढतात. हे तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या तर अख्ख्या गावाला बुडवलं. व्हय का न्हाई, कुणी विचारलं न्हाई."

"आणि काढलंबी न्हाई," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसत बसली. माझ्या बुडालेल्या गावावर हसायची परवानगी मी दुसऱ्या कुणाला दिली नसती.

नळावर एकदा एका बाईनं अक्काची घागर उचलून मागं ठेवली आणि कमरेला पदर खोचून उभी राहिली. अक्कानं त्या बाईचीच घागर आधी भरली आणि उचलून तिच्या कमरेवर दिली. बाई म्हणाली, "भांड की गं! गप का?"

"भांडायला दोघी लागत्यात. मला येत न्हाई, तू एकटीच भांड. मी हितं थांबते."

त्या बाईचा सगळा दिवस फुकट गेला.

पण मला सांगायचंय ते पायांचं.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी त्यांच्यात एकमेकांचे पाय धुतात. बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे. नुसते धुवून भागत नाही, आपलेही धुवून घ्यावे लागतात. ते झालं की प्रभूची भाकर घ्यायची. धरणावरच्या टोळ्या होत्या तोवर तिला बाया होत्या. नवरा गेला, पोरगं पालमूरला परतलं, मग हिचे पाय धुवायला इथं उरलं कोण? एका गुरुवारी ती आमच्या ओसरीवर आली आणि पितळी घंगाळ पुढं ठेवून बायकोला म्हणाली, "वैनी, एक काम हुतं."

बायकोनं ऐकून घेतलं आणि आपल्या डोक्यानं सगळी तयारी केली. रांगोळी काढली, पाट मांडला, अक्काचे पाय धुतले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि त्यावर डोकं ठेवलं. अक्का पाटावरून उडालीच.

"वैनी, मी देव न्हवं!"

"मग पाय कशाला धुवायला लावलीस?"

"देवानं धुतले हुते म्हणून."

"देवानं? कुणाचे?"

"मासे धरणाऱ्यांचे."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "मग ह्यांचेबी धुतले असते. हेबी धरत्यात. घावत न्हाईत तेवढंच."

मग बायकोची बारी. तिला गुदगुल्या भारी. अक्कानं गंभीर तोंड करून गाणं सुरू केलं, घोट्याला हात लावला, आणि बायको किंचाळली, "हळू की गं!" पाणी सांडलं, गाणं तुटलं, अक्काही हसायला लागली आणि दोघी भिंतीला टेकून हसत बसल्या. पुढं दर वर्षी तसंच. गल्लीत कुणाला कॅलेंडर लागत नव्हतं. आमच्या ओसरीवर किंकाळी आली की लोक म्हणायचे, आज तो गुरुवार.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात माझी बायको गेली. त्यावर मी काही लिहिणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो गुरुवार आला. अक्का सकाळपासून आपल्या पायरीवर बसलेली. शेजारी घंगाळ, खांद्यावर टॉवेल. गल्लीतल्या दोघीतिघींना तिनं विचारलं होतं. त्या वाईट नव्हत्या, पण घरचे म्हणतील बाटवून घेतलं, म्हणून मागं सरल्या. दुसऱ्या दिवशी दांडेलीला तिची चार माणसं जमणार होती. "असल्या पायानं जाऊन भाकर कशी घेऊ?" एवढंच म्हणाली. माझ्याकडं बघून नव्हे, घंगाळाकडं बघून.

ऊन कललं तरी ती तिथंच. मला बघवेना. मी गेलो आणि घंगाळ माझ्याकडं ओढलं.

"अण्णा, बाप्यानं बाईचे धुवायचे न्हाईत आमच्यात."

"मी कुठं तुमच्यात हाय?"

अक्कानं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "व्हय."

मी पाय धुतले. बोटांच्या बेचक्यात ओल्या सिमेंटानं खाल्लेले जुने डाग होते. टाचा आमच्या शेताच्या बांधासारख्या. तिनं गाणं म्हटलं, मी खाली मान घालून पुसत राहिलो. वर बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

मग ती उठली आणि म्हणाली, "बसा. आता तुमचे."

मी पाय धोतरात ओढून घेतले. बायको गेल्यापासून कुणी माझं काही केलेलं मला सोसत नव्हतं. "माझे नकोत."

"धुणं सोपं हाय अण्णा, धुवून घ्यायचंच अवघड. माझं आज झालं. तुमचं?"

"पुढच्या वर्षी. आईशप..."

"शपथ नको."

"व्हय," मी म्हटलं.

तिनं मांडीवर तळवा आपटला. विषय संपला.

भाताच्या मळण्या चालू होत्या तेव्हा अक्का गेली. दुपारी खाटेवर पडली ती उठली नाही. दांडेलीची माणसं आली, पोरगा आला. पुरुष खालच्या पट्टीत, बाया वरच्या, असं सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. रडायला आलेली गल्ली ऐकतच राहिली. तिला दांडेलीला नेलं. तिच्या दाराला कुलूप लागलं.

यंदाचा गुरुवार आला. सकाळी मी ओसरीवर बसून होतो. किंकाळी नाही, काही नाही. शपथ घेतली असती तर मोडलीही असती, माझ्या शपथा काय, हजार मोडल्यात. पण व्हय म्हटलं होतं.

टॉवेल खांद्यावर टाकला आणि मागच्या ओढ्यावर गेलो. पाणी गुडघ्याएवढं, गार. दगडावर बसलो, धोतर वर घेतलं आणि दोन्ही पाय आत सोडले. "घे अक्का, तुझी बारी." बोलून गेलो आणि इकडंतिकडं बघितलं. एक म्हैस होती.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बारके मासे आले. जन्मभर माझ्या गळाला लागले नाहीत ते, टाचेजवळ जमले आणि भेगांतून टोचायला लागले. मी पाय ओढणार होतो. ओढले नाहीत. त्यांनी बोटांच्या बेचक्यात तोंड घातलं आणि मला असलं हसू फुटलं, असलं, की म्हशीनं मान वर केली.

"हळू की गं!" मी ओरडलो.